राजा साडेनऊ सेंटिमीटरचा हवा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. दर रविवारी सकाळी तिथे वीसेक मुलांना बुद्धिबळ शिकवतो. आमचे सगळे पट बारा इंची, घडीचे, चुंबकाचे. मध्यंतरी काही मुलांना बेळगावच्या एका स्पर्धेला नेलं. तिथले पट बघूनच पोरं बावरली. एक मुलगी एरवी फार सावध खेळते, पण पार कोपऱ्यात बसलेल्या उंटाकडे तिचं लक्षच गेलं नाही आणि वजीर फुकट गेला. आता गावचे एक गृहस्थ पंधरा हजार रुपये द्यायला तयार झालेत. ते गोव्यात नोकरीला असतात. त्यांची इच्छा अशी, की खरेखुरे हत्ती-उंट कोरलेले दोन भारी लाकडी संच घ्यावेत आणि वडिलांच्या नावाने काचेच्या कपाटात ठेवावेत. दुकानदाराने भाव सांगितले ते असे: कोरीव लाकडी संच ७,२००, 'ट्रिपल वेट' प्लास्टिकचा १,९००, साधा वजनदार १,१५०, हलका ६५०. प्लास्टिकच्या तिन्हींबरोबर गुंडाळायचा पट मिळतो. डिजिटल घड्याळ १,८००. काय घेऊ? गोकाकच्या कारागिरांकडून करून घेतले तर? आणि स्पर्धेचं नेमकं माप काय, ते कुणीच धड सांगत नाही."

गुरुजी, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, स्पर्धेच्या साहित्याची मापं लिहूनच ठेवली आहेत. राजाची उंची साधारण ९.५ सेंटिमीटर, वजीर ८.५, उंट ७, घोडा ६, हत्ती ५.५ आणि प्यादं ५. यात दहा टक्के इकडेतिकडे चालतं, पण उंचीचा क्रम बदललेला चालत नाही. मोहऱ्याच्या बुडाचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के असावा. पटावरचं एक घर ५ ते ६ सेंटिमीटरचं, आणि घराची बाजू प्याद्याच्या बुडाच्या किमान दुप्पट, म्हणजे एका घरात चार प्यादी दाटीवाटीने का होईना, मावली पाहिजेत.

आता तुमचा बारा इंची पट मोजा. कडेची पट्टी सोडली तर एक घर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. स्पर्धेतलं घर साडेपाच धरलं तरी क्षेत्रफळात ते जवळजवळ अडीचपट झालं. आणि त्या मुलीचा वजीर नेमका कुठे गेला तेही मापातच सापडतं. तुमच्या पटावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं अंतर चाळीस सेंटिमीटरच्या आत आहे, मान न हलवता सगळं दिसतं. स्पर्धेच्या पटावर तेच अंतर बासष्टच्या घरात जातं. कोपऱ्यातला उंट नजरेच्या टप्प्याबाहेर बसतो आणि तिथून गुपचूप सगळी तिरकी रेघ राखून असतो. मोठ्या पटावर नजर फिरवायची सवय वेगळी लावावी लागते, आणि ती मोठ्या पटावर खेळूनच लागते. त्या मुलीला रागावला असाल तर आता सोडून द्या.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. दोन शोभेचे संच घेऊ नका. १,१५० वाला साधा वजनदार संच घ्या, दहा घ्या, आणि दहाही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे घ्या. ११,५०० झाले. एक घड्याळ घ्या, १३,३०० झाले. उरलेल्या १,७०० चं काय करायचं ते पुढे सांगतो, कारण तुमच्या देणगीदाराची समजूत त्यातच घालायची आहे.

आधी त्या कोरीव संचाबद्दल. दिसायला ते सुंदर असतात, वाद नाही. पण स्पर्धेत ज्या घाटाची मोहरी चालतात त्याला स्टाँटन घाट म्हणतात. १८४९ साली लंडनमध्ये नॅथॅनियल कुक यांनी तो नोंदवला आणि जॅक्स नावाच्या कंपनीने विक्रीला आणला. हॉवर्ड स्टाँटन हा त्या काळचा मोठा खेळाडू, त्याचं नाव त्याला चिकटलं. त्याआधी गावोगावी, देशोदेशी वेगळे घाट होते आणि परका खेळाडू समोर बसला की वजीर कुठला आणि उंट कुठला, इथूनच घोळ व्हायचा. स्टाँटन घाटात हत्ती म्हणजे बुरूज, उंटाच्या टोकाला तिरकी खाच, वजिराला कंगोऱ्यांचा मुकुट, राजाच्या डोक्यावर क्रॉस, आणि घोडा तेवढा घोड्यासारखा. लांबून, तिरक्या नजरेने, घड्याळात अर्धं मिनिट उरलेलं असतानाही प्रत्येक मोहरं ओळखू येतं. कोरीव संचात सोंड वर केलेला हत्ती आणि मान वर केलेला उंट शेजारी उभे राहिले, की घाईत दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय सोंड मोडते. पहिल्याच महिन्यात मोडते.

तुमची मुलं इकडे बेळगाव-हुबळी-धारवाडला खेळतील, तिकडे कोल्हापूर-सांगलीलाही जातील. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे सांगलीत या खेळाची केवढी परंपरा उभी राहिली, ते तुम्हाला मी सांगायला नको. सीमेच्या अलीकडे खेळा की पलीकडे, सूचना कन्नडमध्ये येवोत की मराठीत, राजा साडेनऊ सेंटिमीटरचाच असतो. आपल्या भागात एवढ्या एका गोष्टीवर तरी वाद नाही.

आता वजन. दुकानदार 'ट्रिपल वेट' म्हणाला, त्यावर जाऊ नका. सिंगल, डबल, ट्रिपल हे विक्रीचे शब्द आहेत, त्यामागे ठरलेलं प्रमाण काहीच नाही. एका कंपनीचं डबल दुसरीच्या ट्रिपलपेक्षा जड निघू शकतं. फिडेच्या नियमात ग्रॅमचा आकडाच नाही. मोहरी हलवायला सोयीची आणि उभी राहायला स्थिर असावीत, एवढंच अपेक्षित आहे. म्हणून वजन विचारू नका, मोहरं हातात घ्या. वजीर दुकानाच्या काउंटरवर उभा करा, बोटाने डोकं धरून बराच तिरका करा आणि सोडा. डुलत डुलत सरळ झाला तर पसंत. आडवा पडला तर तो ६५० वाला आहे, पिशवीवर काहीही छापलेलं असो.

हलका संच मी का टाळा म्हणतो, त्याला नियमाचंही कारण आहे. खेळताना तुमच्या हाताने मोहरी पडली तर ती तुमच्याच वेळात, तुमचं घड्याळ चालू असताना, पुन्हा जागेवर लावावी लागतात. हाताचा धक्का लागून तीन प्यादी लोळली आणि घड्याळात वीस सेकंद उरले असतील, तर डाव तिथेच गेला. वाचनालयात पंखा जोरात असला तरी पोकळ प्यादी सरकतात. मात्र १,९०० वाला घेऊन फार काही जास्त मिळत नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरांचे हात लहान, दोन तास जड मोहरी उचलून त्यांचा फायदा काय? त्या पैशात दहाच्या जागी सहाच संच येतील आणि वीस मुलांतली आठ नुसती बघत बसतील.

दुकानात जाल तेव्हा खिशात फूटपट्टी ठेवा. आणि दहा रुपयांची दोन नाणीही. दहाचं नाणं बरोबर २७ मिलिमीटरचं असतं. दोन नाणी शेजारी शेजारी एका घरात ठेवा. दोन्ही आत बसून कडेला किंचित जागा उरली तर घर साडेपाचच्या आसपास आहे. प्याद्याचं बूड नाण्याहून किंचित लहान असावं. मग राजा घरात उभा करा: घराच्या बाजूचा साधारण तीन चतुर्थांश भाग त्याच्या बुडाने व्यापावा. त्याहून जास्त व्यापला तर मधल्या डावात पट गच्च होतो आणि बोटं घालायला जागा राहत नाही. फार कमी व्यापला तर सगळी सेना विरळ दिसते, कोण कुणाला राखतंय ते चटकन कळत नाही.

पटाचं माप विचारलं की दुकानदार बाहेरून बाहेर सांगतो. "एकवीस इंची हाय ओ सर, घ्या की." एकवीस इंच म्हणजे काय? कडेची पट्टी, त्यावरची अक्षरं, सगळं धरून. तुम्ही फक्त आठ घरं मोजा. साडेपाच सेंटिमीटरच्या आठ घरांचे ४४ होतात, ५.७ च्या आठांचे साडेपंचेचाळीस. म्हणजे खेळायचा भाग साधारण सतरा ते अठरा इंच भरला पाहिजे. ऑनलाइन मागवणार असाल तर 'टुर्नामेंट साइज' या शब्दांवर बिलकुल विसंबू नका. राजाची उंची, राजाच्या बुडाचा व्यास आणि एका घराची बाजू, हे तीन आकडे लेखी मागा. देत नसेल तर पुढचं दुकान.

सहाही मोहरी एका रांगेत लावून बघा: राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती, प्यादं. जिन्यासारखी उतरती रांग दिसली पाहिजे. स्वस्त संचात राजा-वजीर एकाच उंचीचे निघतात, किंवा उंट आणि प्यादं लांबून सारखंच दिसतं. घोडा नीट बघा. बाकी सगळी मोहरी गोल, घोडाच एक असा, की ज्याच्यात साच्याचा किंवा कारागिराचा कस लागतो. अमृतसरला लाकडी संच मोठ्या प्रमाणावर बनतात, तिथे घोडे कोरणारे कारागीर वेगळे असतात. लाकडी संचाची किंमत बरीचशी घोड्यावरच ठरते. प्लास्टिकच्या घोड्यात साच्याची जोडरेघ बोटाला टोचत असेल तर अख्खा संच घाईत काढलेला आहे असं समजा. राजाचा क्रॉस हलवून बघा, सगळ्यात आधी मोडतो तो तोच. बुडाला हिरवं कापड लावलेलं असेल तर त्याची कड नखाने उचलून बघा. खानापूरच्या पावसात जुलैपर्यंत कच्चा गोंद सुटतो आणि मग मोहरं डुगडुगायला लागतं.

संचात मोहरी चौतीस हवीत, बत्तीस नव्हे. दोन्ही रंगांचा एकेक जादा वजीर. प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि वजीर हाताशी नसला, की आपल्याकडे हत्ती उलटा ठेवून "हा वजीर" म्हणायची पद्धत आहे. रविवारी वाचनालयात ठीक, पण स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच धरला जातो, तोंडाने काहीही म्हणा. तिथे घड्याळ थांबवून पंचाला हाक मारायची आणि वजीर मागायचा, तसा हक्क नियमानेच दिला आहे. मुलांना हे आत्ताच शिकवा.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. पांढरी मोहरी पांढरी किंवा फिकट लाकडी, काळी मोहरी काळी किंवा गडद तपकिरी. पटाची घरं हिरवी-पांढरी किंवा तपकिरी-फिकट, दोन्ही चालतात. काळ्या-पांढऱ्या घरांवर काळी-पांढरी मोहरी मात्र डोळ्यांना शिणवतात, आणि काळ्या घरातला काळा घोडा हरवतो. चकाकी नको. वाचनालयाच्या ट्यूबलाइटचा उजेड चकचकीत पटावर पडला की अर्धी घरं दिसेनाशी होतात. पटाच्या कडेला ए ते एच अक्षरं आणि १ ते ८ आकडे छापलेले असावेत, त्याशिवाय मुलांना चाली लिहायची सवय लागणार नाही. लाकडी पटाच्या मोहात पडू नका. आपल्याकडच्या दमट हवेत तो वाकतो, त्याला बुरशी धरते. गुंडाळायचा पट ओल्या फडक्याने पुसला की झालं.

गोकाकच्या कारागिरांचं तुम्ही विचारलंत, प्रश्न आवडला. आपल्याच जिल्ह्यातली ही कला. लाकडी फळं-भाज्या, बाहुल्या, मूर्ती, रंगकाम, सगळं नावाजलेलं. पण स्पर्धेच्या संचाला वेगळंच कौशल्य लागतं. सोळा प्यादी लाकूड कातायच्या चरकावर केसाचाही फरक न पडता सारखी उतरली पाहिजेत आणि बुडात वजन भरता आलं पाहिजे. गोकाकची खेळणी हलक्या लाकडाची, हाताने घडवलेली, प्रत्येक नग थोडा निराळा. त्यांचं सौंदर्य त्यातच आहे आणि पटावर अडचणही त्यातच आहे. त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर वाचनालयाच्या स्पर्धेची बक्षिसं घ्या. प्लास्टिकच्या सोनेरी कपापेक्षा एखादा रंगवलेला लाकडी घोडा पोरं जास्त जपतील.

आता देणगीदार. त्यांचं चुकतंय असं समजू नका. वडिलांचं नाव दिसावं एवढीच त्यांची इच्छा आहे, आणि ती रास्त आहे. पण काचेच्या कपाटातलं नाव वाचणार कोण? वर्गणी मागायला आलेले. त्यापेक्षा उरलेल्या १,७०० मधून गावच्या सुताराकडून एक पेटी करून घ्या, दहा खणांची, कुलपाची. झाकणावर वडिलांचं नाव, ठळक, रंगवलेलं. दर रविवारी ती वीस मुलांसमोर उघडेल. पटांच्या कोपऱ्यातही बारीक अक्षरात नाव घालता येईल, पण पाठीमागच्या बाजूला. समोर एकही जादा अक्षर नको. एवढ्यावर ते ऐकले नाहीत आणि लाकडीच हवा म्हणून अडून बसले, तर वेगळे पैसे घालून एक लाकडी संच त्यांच्याकडून घ्या, पण स्टाँटन घाटाचा, शिसवी आणि बॉक्सवुडचा, वर सांगितलेल्याच मापाचा. आणि तो कपाटात ठेवू नका, अंतिम फेरीचा डाव त्याच्यावर लावा.

घड्याळ एकच का म्हणालो? दहा घ्यायला पैसे नाहीत, आणि एवढ्यात गरजही नाही. दर रविवारी दोघांनाच घड्याळावर बसवा, पाळीपाळीने. घेताना डिजिटल आणि प्रत्येक चालीला सेकंद वाढवून देणारं घ्या, चावीचं नको. ज्या हाताने चाल, त्याच हाताने बटण, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

चुंबकाचे जुने पट टाकू नका. पुस्तकांसारखे ते मुलांना आठवडाभर घरी न्यायला द्या, रजिस्टरात नोंद करून. कोडी सोडवायला ते उत्तम आहेत.

एक अडचण तुम्हाला पट आल्यावर कळेल, म्हणून आधीच सांगतो. शाळेचा बाक अरुंद असतो, त्यावर हा पट दोन्ही बाजूंनी लोंबकळेल. दोन बाक जोडलेत तरी मधल्या फटीत पट खचतो, त्यामुळे खाली एखादी सपाट फळी लागेल. सतरंजीवर तर मुळीच मांडू नका, मोहरी कलतात. त्यापेक्षा शहाबादी फरशीवर पट आणि दोन्ही बाजूंना चटया, हे बरं. पट गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा, म्हणजे मांडल्यावर कडा वर येत नाहीत. रबरबँड लावू नका, वळ पडतात. प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाला पक्क्या शाईने संचाचा नंबर घाला, एक ते दहा. दहाही संच एकाच मापाचे असल्यामुळे पुढेमागे एखाद्या संचातली प्यादी हरवली, की तोच मोडून बाकीच्यांना पुरवता येईल. आणि पावती वाचनालयाच्या नावाने घ्या, तिच्यावर संचाचं मॉडेल लिहून घ्या. दोन वर्षांनी अकरावा संच घ्यायचा झाला तर तोच मागता यायला हवा.